जॉन डनलॉप कामगारमंत्रिपदावर साडेदहा महिनेच का राहिले?

प्रश्न असा आला आहे : "मी नाशिकरोडची. एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, बाबा प्रेसमध्ये आहेत. पुढे श्रम-अर्थशास्त्र घ्यायचं मनात आहे. हार्वर्डचे जॉन डनलॉप हे या विषयातले एवढे मोठे अर्थतज्ज्ञ १९७५मध्ये अमेरिकेचे कामगारमंत्री झाले आणि वर्षभरही टिकले नाहीत, असं वाचलं. इतका जाणकार माणूस टिकत नसेल, तर हा विषय शिकून सरकारात जाण्यात काही अर्थ आहे का?"

मी अर्थतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाशिकच्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत एकोणतीस वर्षं पर्सोनेल खातं सांभाळलं. आता निवृत्तीनंतर कधी मालक बोलावतो, कधी युनियन, आणि मी त्यांचे पगारवाढीचे करार लिहून देतो. डनलॉप हे नाव पहिल्यांदा कानावर आलं ते पर्सोनेल मॅनेजमेंटच्या डिप्लोमाला. त्यांच्या 'इंडस्ट्रियल रिलेशन्स सिस्टिम्स' या १९५८च्या पुस्तकावर हमखास प्रश्न यायचा : औद्योगिक संबंधांतले तीन घटक कोणते? मालक, कामगार, सरकार. लिहा आणि दहा मार्क घ्या. मी तेवढंच केलं. त्या पुस्तकात खरोखर काय आहे ते कळायला पुढे पंधरा वर्षं आणि दोन संप जावे लागले.

तुमच्या प्रश्नातला 'टिकले नाहीत' हा शब्द मला खटकला. डनलॉपना कुणी काढलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष फोर्ड त्यांना जा म्हणत नव्हते. ते स्वतः उठले. का उठले ते कळायचं, तर खुर्चीवर बसण्याआधीची पस्तीस-छत्तीस वर्षं बघायला हवीत. मी जरा लांबून सुरुवात करतो, कंटाळू नका.

माणूस १९१४चा, कॅलिफोर्नियातल्या प्लॅसरव्हिल गावात जन्मलेला. आईवडील मिशनरी, त्यामुळे लहानपण फिलिपिन्समध्ये गेलं. शिक्षण बर्कलेला, मग १९३७-३८ साली इंग्लंडात केंब्रिजला. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांच्या 'जनरल थिअरी' या पुस्तकाचा तेव्हा सगळीकडे बोलबाला होता. केन्सनी त्यात धरून चाललं होतं की रोख पगार चढत असतो तेव्हा खरी मजुरी, म्हणजे महागाई वजा जाता हातात उरणारी, सहसा उतरत असते. डनलॉपनी इंग्लंडचे जुने आकडे काढले आणि दाखवलं की असं होत नाही. रोख पगार चढतो तेव्हा खरी मजुरीही बहुतेक वेळा चढते. हा लेख १९३८मध्ये 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये आला तेव्हा डनलॉप चोवीस वर्षांचे होते. केन्सनी १९३९मध्ये त्याच नियतकालिकात उत्तर लिहिलं आणि आपलं म्हणणं नव्यानं तपासावं लागेल हे मान्य केलं. केन्सला चूक कबूल करायला लावली, या एका गोष्टीवर एखाद्यानं आयुष्यभर व्याख्यानं दिली असती!

डनलॉप मात्र दुसरीकडेच वळले. मजुरी ठरते म्हणजे नेमकं काय होतं, ती कोण, कुठे बसून, कशाकडे बघून ठरवतं, हा त्यांचा प्रश्न झाला. पुस्तकात मागणी-पुरवठ्याच्या दोन रेघा एकमेकींना छेदतात आणि तिथे मजुरी ठरते. डनलॉपनी १९५१च्या बोस्टनमधल्या ट्रक ड्रायव्हरांचे दर मांडले. शहर तेच, युनियन तीच, कामही ट्रक चालवायचंच. पण मासिकं वाहणाऱ्या ड्रायव्हरला तासाला २.२५ डॉलर, तर घाऊक लाँड्रीचे कपडे वाहणाऱ्याला १.२० डॉलर. जवळजवळ निम्मे! कौशल्याच्या फरकानं हे समजावता येत नाही. डनलॉपचं उत्तर असं, की प्रत्येक धंद्यात काही ठरावीक कंपन्यांचा गट असतो, ते एकमेकांकडे बघून पगार ठरवतात आणि गटातली एखादी मोठी कंपनी सगळ्यांना दर घालून देते. लाँड्रीचा ड्रायव्हर लाँड्रीच्या गटात मोजला जातो, मासिकाचा छापखान्यांच्या गटात.

हे वाचलं आणि मी सातपूरला बसून हसलो. आमच्याकडे कुठल्याही करारात पहिल्या बैठकीत पहिलं वाक्य काय असतं? "मायकोचा किती झाला? महिंद्राचा किती झाला?" मायको म्हणजे आताची बॉश, पण जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात. युनियनवाले त्या कराराची झेरॉक्स खिशात घेऊन येतात. मालक म्हणतो, मी त्यांना नटबोल्ट पुरवतो, त्यांच्याशी माझी बरोबरी कशी करता? आणि गंमत म्हणजे तोच मालक शेजारच्या गाळ्यातल्या, त्याच मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या दुसऱ्या व्हेंडरला आदल्या रात्री फोन करून विचारून आलेला असतो, की तू किती देतोयस. सातपूर एकच असलं तरी त्यात चार-पाच वेगवेगळ्या रांगा आहेत, आणि आपली रांग कुठली यावरच अर्धा वाद असतो. एकदा 'आपण कुणाशी तुलना करायची' यावर दोन्ही बाजूंचं जमलं, की उरलेला आकडा दोन बैठकांत निघतो. मला हे अनुभवानं कळलं होतं. त्याला नाव असतं, हे डनलॉपमुळे कळलं.

हे शहाणपण त्यांना ग्रंथालयात सापडलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं पगारांवर लक्ष ठेवायला वॉर लेबर बोर्ड नेमलं होतं, तिथे ते काम करत. १९४८ ते १९५७ ते बांधकाम धंद्यातल्या एका संयुक्त मंडळाचे तटस्थ अध्यक्ष होते. त्या मंडळाचं काम ऐकायला क्षुल्लक वाटेल. एखाद्या इमारतीत पत्र्याची चौकट बसवायची आहे. ते काम सुतारांच्या युनियनचं की पत्राकाम करणाऱ्यांच्या? दोन्ही युनियन म्हणणार आमचं, आणि साइट बंद. डनलॉप नऊ वर्षं असे तंटे ऐकत बसले. हार्वर्डचा प्राध्यापक, गळ्यात बो टाय, आणि समोर हेल्मेट घातलेली माणसं कुणी कुठला स्क्रू पिळायचा यावर भांडताहेत, हे चित्र मला फार आवडतं.

या नऊ वर्षांत त्यांना जे मिळालं ते पदवीनं मिळत नाही. बांधकामातले युनियनवाले आणि कंत्राटदार दोघंही म्हणायला लागले, की डनलॉप बोलला म्हणजे झालं. तो तुमच्याविरुद्ध निकाल देईल, पण एक बोलून दुसरं करणार नाही. १९७१मध्ये बांधकामातले पगार दोन आकडी टक्क्यांनी वाढत होते तेव्हा निक्सननी त्यांना आवरायला जी समिती नेमली, तिच्या प्रमुखपदी म्हणूनच डनलॉपना बसवलं. त्यांनी वरून आकडा लादला नाही. प्रत्येक कसबाचं, म्हणजे गवंडी, प्लंबर, वायरमन, असं वेगळं मंडळ केलं, त्यात युनियन आणि कंत्राटदार दोघं बसवले आणि म्हणाले, हे करार आधी तुम्हीच तपासा. वाढ खाली आली. १९७३मध्ये सगळ्या देशाच्या किंमत-पगार नियंत्रणाचं काम त्यांच्याकडे आलं. मधल्या काळात, १९६९च्या विद्यार्थी आंदोलनानंतर हार्वर्ड पेटलेलं असताना, त्यांनी तिथलं डीनपदही सांभाळलं. तो विषय वेगळा, इथे सोडतो.

१८ मार्च १९७५ रोजी ते कामगारमंत्री झाले. आता मूळ गोष्ट.

एका बांधकामाच्या साइटवर दहा कंत्राटदार असतात. प्लंबिंगवाला वेगळा, वायरिंगवाला वेगळा, लोखंड बांधणारा वेगळा. समजा वायरिंगच्या कंत्राटदाराशी युनियनचं भांडण आहे. मग युनियननं साइटच्या मुख्य गेटवर फलक घेऊन उभं राहायचं का? उभे राहिले तर बाकी नऊ कंत्राटदारांची माणसंही आत जात नाहीत आणि सगळी साइट थांबते. अमेरिकन सुप्रीम कोर्टानं १९५१मध्ये सांगितलं की असं करता येणार नाही. भांडण एकाशी आणि कोंडी दहांची, हे बेकायदा. युनियनांचं म्हणणं असं, की साइट एक, काम एक. कारखान्यातल्या कामगाराला जे गेटवर उभं राहण्याचं स्वातंत्र्य आहे ते आम्हाला नाही, केवळ मालकानं काम तुकड्यांत वाटलंय म्हणून. अंबडला ज्यानं एका शेडमध्ये पाच ठेकेदारांची पोरं एकाच लाइनवर उभी बघितली आहेत त्याला यातली मेख लगेच कळेल. बोट दाखवायला प्रत्येकाकडे दुसरा असतो. मूळ कंपनी म्हणते ही ठेकेदाराची माणसं, ठेकेदार म्हणतो मला कंपनी जेवढं देते तेवढंच मी देणार.

युनियना चोवीस वर्षं हा निर्णय बदलायचा प्रयत्न करत होत्या. डनलॉपनी मंत्री झाल्यावर सौदा घडवला. युनियनांना पूर्ण साइटच्या गेटवर उभं राहता येईल, पण त्याबरोबर दुसरा भाग जोडला : बांधकामातले स्थानिक तंटे आणि करार यांवर लक्ष ठेवणारी राष्ट्रीय समिती, युनियन आणि कंत्राटदार दोघांची, म्हणजे गावोगावचे उठसूट संप कमी होतील. एकाला हवं ते पहिल्या भागात, दुसऱ्याला हवं ते दुसऱ्या भागात. करार लिहिणाऱ्या कुणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल. फोर्ड यांनी सांगितलं, दोन्ही भाग एकत्र आले तर सही करतो. डनलॉपनी हा शब्द युनियनांकडे आणि संसदेत नेला. बिल दोन्ही सभागृहांत मंजूर झालं.

पण १९७६ हे निवडणुकीचं वर्ष. त्याआधीच, नोव्हेंबर १९७५मध्ये, रेगन यांनी फोर्डविरुद्ध त्यांच्याच पक्षात उमेदवारी जाहीर केली. बरेच कंत्राटदार आणि पक्षातली उजवी मंडळी बिलाविरुद्ध पेटली, व्हाइट हाउसवर विरोधाच्या पत्रांचा पाऊस पडला. २ जानेवारी १९७६ला फोर्ड यांनी नकाराधिकार वापरला. डनलॉपनी त्याच महिन्यात राजीनामा दिला आणि ३१ जानेवारीला ते बाहेर पडले.

बरेच जण याला तत्त्वाचा राजीनामा म्हणतात. मला ते थोडं भाबडं वाटतं. डनलॉप हट्टी तत्त्वनिष्ठ नव्हते. पस्तीस वर्षं तडजोडी करणारा माणूस तत्त्वासाठी पाय आपटत नाही. माझ्या मते त्यांनी साधा हिशेब केला. कामगारमंत्री म्हणून मी उद्या युनियनला सांगणार की 'साहेब सही करणार आहेत', तर समोरचा काय म्हणेल? मंत्रालय, कचेरी, गाडी सगळं होतं. दोन्ही बाजूंनी डोळे मिटून घ्यावा असा शब्द मात्र राहिला नव्हता, आणि त्याशिवाय त्या खात्यात करण्यासारखं काम त्यांना दिसलं नसावं.

हे मी एवढ्या खात्रीनं म्हणतो, कारण माझ्यावर हीच वेळ आली होती आणि मी उठलो नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. अंबडमधल्या एका कारखान्यात करार अडला होता. उत्पादन १५ टक्के वाढवून हवं होतं आणि युनियन म्हणत होती, ठेकेदाराकडची बावीस पोरं कायम करा. ही पोरं सहा-सहा वर्षं त्याच मशिनवर होती. मी मुख्य कचेरीला विचारलं, फोनवर 'करू या' असं उत्तर आलं. मी समितीला सांगितलं : करारात लिहीत नाही, पण दोन टप्प्यांत कायम करू. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. तीन महिन्यांत उत्पादन वाढलं, ठरल्यापेक्षा जास्तच. मग मुख्य कचेरीचं पत्र आलं की सध्या कायम भरती नाही. त्या पत्राचं मराठी भाषांतर करून नोटीस बोर्डावर मीच लावलं.

युनियनचे सेक्रेटरी संध्याकाळी केबिनमध्ये आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "साहेब, तुमच्यावर राग नाही. फक्त पुढच्या टायमाला बोलायला वरचा माणूस पाठवा." सिडकोतल्या घराचं कर्ज होतं, मुलीची दहावी होती. त्या कंपनीत मी आणखी तीन वर्षं काढली. त्या तीन वर्षांत कॅन्टीनच्या चहाच्या दरापासून सगळ्यासाठी मुख्य कचेरीचा माणूस यावा लागला. पगार मला पर्सोनेल मॅनेजरचा मिळत होता आणि काम टपालखात्याचं होतं.

असो. तुम्ही विचाराल, मग सगळ्याच श्रम-अर्थतज्ज्ञांचं सरकारात असंच होतं का? नाही. जॉर्ज शुल्ट्झ बघा. तेही याच विषयातले, एम.आय.टी.तून १९४९ची डॉक्टरेट, मग शिकागो विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलचे डीन. जानेवारी १९६९मध्ये निक्सनचे कामगारमंत्री झाले तेव्हा पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांत गोदी कामगारांचा संप चालू होता. आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी, जॉन्सननी, टाफ्ट-हार्टली या कामगार कायद्याखाली संपावर ८० दिवसांची बंदी आणली होती. ती संपली आणि लोक पुन्हा बाहेर पडले. सगळीकडून दबाव, की सरकारनं मध्ये पडावं. शुल्ट्झ प्राध्यापक असताना लिहीत आले होते की सरकार मध्ये पडेल अशी आशा असली की दोन्ही बाजू खरा आकडा तोंडातून काढत नाहीत. मंत्री झाल्यावर त्यांनी तेच केलं, निक्सनना सांगितलं, हात लावू नका. काही आठवड्यांत संप मिटत गेला. शुल्ट्झ पुढे अर्थसंकल्पाच्या कचेरीचे पहिले प्रमुख झाले, मग अर्थमंत्री, मग रेगनच्या काळात साडेसहा वर्षं परराष्ट्रमंत्री, आणि शंभर वर्षं जगले. किंमत-पगार नियंत्रणं त्यांना मुळीच पटत नव्हती, तरी अर्थमंत्री म्हणून ते १९७४पर्यंत राहिले. त्यांची जातकुळी वेगळी : वरच्या माणसाचा विश्वास सांभाळून पुढच्या कामाची वाट बघणारी. डनलॉपचं भांडवल खालच्या दोन बाजूंच्या विश्वासात होतं. एकाला मोठं आणि दुसऱ्याला छोटं म्हणायला मी तयार नाही. पण सरकारात जायचं असेल तर आपलं भांडवल कुणाकडे ठेवलेलं आहे, हे आधी ठाऊक हवं.

आपल्याकडे असं झालेलं नाही असं समजू नका. व्ही. व्ही. गिरी रेल्वे युनियनमधून आलेले, अर्थतज्ज्ञ नव्हेत, पण नेहरूंच्या मंत्रिमंडळात १९५२पासून कामगार खातं त्यांच्याकडे होतं. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा निकाल अपील न्यायाधिकरणानं दिला आणि सरकारनं तो बदलून खाली आणला. गिरींनी ऑगस्ट १९५४मध्ये राजीनामा दिला. ते प्रकरण पुढे न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या आयोगापर्यंत गेलं. गिरी राष्ट्रपती झाले हे सगळ्यांना पाठ असतं, हा राजीनामा फार थोड्यांना.

आणि नाशिकमध्ये राहून या विषयावर बोलायचं तर बाबासाहेबांना वगळून कसं चालेल? आपल्याकडे त्यांचं नाव काढलं की १९३०चा काळाराम आणि १९३५चं येवलं. ते बरोबरच आहे. पण ते कोलंबियाचे आणि लंडनचे अर्थशास्त्राचे डॉक्टर होते आणि जुलै १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं त्यांच्याकडे होतं. डनलॉपचं मालक-कामगार-सरकार हे त्रिकूट मी परीक्षेसाठी पाठ केलं. ऑगस्ट १९४२मध्ये दिल्लीत तिघांना एका टेबलाशी बसवणारी परिषद भरली तेव्हा अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. तीच आताची भारतीय श्रम परिषद. ४६वी बैठक २०१५मध्ये झाली आणि मग वर्षानुवर्षं ती बोलावलीच गेली नाही. तिघांनी एकत्र बसायचंच नाही असं ठरलं, की माझ्यासारख्याला कराराची कामं भरपूर मिळतात, एवढंच म्हणतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं 'बाबासाहेबांनी कामाचे चौदा तासांचे आठ तास केले' हे मात्र तुम्ही परीक्षेत लिहू नका. १९३४च्या कारखाने कायद्यात बारमाही कारखान्यांना आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. बाबासाहेबांच्या खात्यानं आणलेल्या १९४६च्या दुरुस्तीनं ती ४८वर आली. सहा तास कमी, आणि हे युद्ध नुकतंच संपलेलं असताना! खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे, तिला फुगवायची गरज नाही.

त्यांच्या त्या कारकिर्दीतलं एक पान मात्र मला वाचवत नाही आणि सोडवतही नाही. कोळसा खाणीत जमिनीखाली बायकांनी काम करायचं नाही, अशी बंदी १९३७पासून पूर्ण लागू होती. युद्धात कोळसा कमी पडायला लागला आणि १९४३मध्ये सरकारनं ती उठवली. १९२८मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गरोदर कामगार बायकांच्या भत्त्यासाठी उभे राहिलेले बाबासाहेब फेब्रुवारी १९४४मध्ये दिल्लीच्या सभागृहात हा निर्णय समजावून सांगताहेत : आणीबाणी आहे, तात्पुरतं आहे, आणि बायकांना पुरुषांइतकीच मजुरी ठरवली आहे. बंदी फेब्रुवारी १९४६मध्ये परत आली. ते त्या वेळी उठले नाहीत. पुढे १९५१मध्ये हिंदू कोड बिलावर मात्र कायदामंत्रिपद सोडून निघून गेले. का तेव्हा नाही आणि का आता? माझा तर्क असा, की १९४४मध्ये खात्यात राहून कामाचे तास, स्टँडिंग ऑर्डर्स म्हणजे कारखान्यातल्या नोकरीचे लेखी नियम, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, युनियनच्या मान्यतेचं बिल, एवढं सगळं हातात होतं. ते टाकून जाण्याची किंमत खाणीतल्या बायकांनाही परवडली नसती. १९५१मध्ये हातात फारसं उरलं नव्हतं. हा तर्क चूक असू शकतो. पण मंत्री झालेल्या अभ्यासकाचा अभ्यास करायचा तर राजीनामा दिलेला दिवस बघून भागत नाही. न दिलेले दिवसही बघावे लागतात.

आता तुमचा खरा प्रश्न : विषय घ्यावा का? घ्या. पण डनलॉपना सगळ्यात जास्त यश कुठे मिळालं ते ऐकून घ्या. ते मंत्रिपद सोडल्यावर दहा वर्षांनी, टोमॅटोच्या शेतात.

ओहायो आणि मिशिगनमध्ये शेतकरी कॅम्पबेल कंपनीच्या सुपासाठी टोमॅटो आणि लोणच्यासाठी काकडी पिकवत. तोडणीला येणारे मजूर बहुतेक मेक्सिकन वंशाचे, हंगामापुरते येणारे. मजूर शेतकऱ्याकडे वाढ मागायचे. शेतकरी म्हणायचा, कंपनी भाव ठरवते, मी कुठून देऊ? कंपनी म्हणायची, हे आमचे कामगारच नव्हेत. अमेरिकेचा १९३५चा कामगार कायदा शेतमजुरांना लागू नाही, त्यामुळे जायचं कुणाकडे? मजुरांच्या संघटनेनं १९७९पासून कंपनीच्या मालावर बहिष्कार चालवला, १९८३मध्ये ओहायोतल्या टोलेडोपासून न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला, कंपनीच्या मुख्यालयापर्यंत, पायी मोर्चा नेला. शेवटी दोन्ही बाजूंनी मान्य केलेला एक खासगी आयोग बसला, डनलॉप त्याचे अध्यक्ष. १९८६मध्ये जो करार झाला त्यावर तीन सह्या होत्या : कंपनीची, शेतकऱ्यांची आणि मजुरांची. सरकार नाही, कायदा नाही, खातं नाही. टेबल आणि विश्वास एवढंच. फोर्ड यांनी मोडलेला तो सौदा बांधकाम कामगारांना पुन्हा कधी मिळाला नाही. १९७७मध्ये ते बिल परत आलं आणि प्रतिनिधिगृहात पडलं. टोमॅटोचा करार मात्र उभा राहिला.

ही गोष्ट वाचताना मला दिंडोरी आणि निफाड दिसतं. ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याहून टोळ्या येतात. छाटणी, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, सगळं एकरी उक्तं. एकरी दर कोण ठरवतं? मुकादम म्हणेल बागायतदार. बागायतदार म्हणेल निर्यातदार भाव पाडतो, मी काय करू? निर्यातदार म्हणेल, मजूर? माझा काय संबंध? एकाच गावात दोन बागांचे दर वेगळे का, पिंपळगावच्या बाजूला एक आणि वणीच्या बाजूला दुसरा का, टोळी एक हंगाम सोडून पुढच्या हंगामात त्याच बागेत का परत येते, मुकादमाकडून घेतलेली उचल त्यात किती आहे? डनलॉपच्या ट्रक ड्रायव्हरांसारखंच हे कोडं आहे, आणि तुम्हाला बोस्टनला जायची गरज नाही. नाशिकरोडहून दिंडोरी तासाभराच्या अंतरावर आहे.

प्रबंधाचा विषय मागायला सरांकडे जाल तेव्हा हाच घेऊन जा. फक्त पहिल्या दिवशी प्रश्नावली घेऊन बागेत जाऊ नका. टोळीतल्या बायका दुपारी डबा सोडतात तेव्हा जाऊन बसा. पहिल्या दिवशी कुणी दर सांगणार नाही. सांगितला तर तो खोटा असेल. मुकादमाला आधी भेटलात तर बायका गप्प बसतील, बायकांना आधी भेटलात तर मुकादम दुसऱ्या दिवशी टोळी हलवेल. त्यामुळे दोघांना एकाच दिवशी भेटा, आणि एकाला जे सांगाल तेच दुसऱ्याला सांगा. बागायतदाराच्या गाडीतून तर मुळीच जाऊ नका, बसनं जा.